पेटिफोर्डांची इस्त्री

लॉस एंजलिस, ९ जानेवारी १९३८

ताई,

मिळालं काम! आता हार्लेमभर बोंब मार, माझी हरकत नाही. दोन महिने या गावात नुसता हेलपाटे घालत होतो. काल नृत्यदिग्दर्शकाने बोलावलं, पियानोवाल्याला खूण केली आणि मला म्हणाला, "काय येतं ते दाखव." मी सगळं काढलं, फक्त एक चाल सोडून. तो म्हणाला, "बरं आहे, पण असं सगळेच करतात."

म्हणून विचारतो, आणि नीट विचारतो. तुझी 'इस्त्री' मी सिनेमात करू का?

मला ठाऊक आहे ती तुझी आहे. आई गोऱ्यांच्या घरी इस्त्री करायची ती बघून तू सोळाव्या वर्षी बसवलीस. पाय सपाट सरकवायचा, थांबवायचा, टाच टेकवायची आणि दुसऱ्या पायाने तीन कडक ठोके. अकरा वर्षं आपण ती दोघांनी मिळून नाचलो. तुझा गुडघा गेला त्या दिवसापासून मी एकट्याने ती कुठेच केलेली नाही. आजही तू नाही म्हणालीस तर करणार नाही.

पण माझ्या गेल्या सिनेमाचं आठव. नायक-नायिका जेवायला बसतात, मी येतो, नाचतो, जातो. पुढेमागे कशाशी संबंध नाही. मुद्दामच तसं करतात. दक्षिणेत आपली काळी तोंडं पडद्यावर खपत नाहीत, तेव्हा तेवढा तुकडा कापला की सिनेमा जसाच्या तसा. गावी मेकनमध्ये आई चर्चची टोपी घालून, शेजारच्या सगळ्या बायका घेऊन काळ्यांसाठीच्या वरच्या गॅलरीत जाऊन बसली आणि मी आलोच नाही. शेजारची क्रचफील्डबाई अजून तिला विचारते म्हणे, "काय गं, तुझा लेक खरंच सिनेमात आहे, की तू वाढवून सांगतेस?"

या वेळी असं काही करायचंय की कातरी लागताच कामा नये. कळव.

तुझा लॉनी

---

हार्लेम, १७ जानेवारी

लॉन्या,

बोंब मारली. आपले नाचणारे जमतात त्या तळघरात सगळ्यांना सांगितलं. म्हातारा सिल्व्हेनस म्हणाला, "पोरगा बरा आहे, फक्त हसतो फार." तेव्हा कमी हस.

चालीचं म्हणशील तर कर. ती नुसती पडून राहण्यापेक्षा आपल्या पेटिफोर्डांच्या पायात असलेली बरी. माझ्या गुडघ्यात आता ती उतरत नाही. जिना चढताना हाडं वाजतात तेवढाच माझा ताल.

पण एक अट आहे आणि ती तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण तू दूर आहेस आणि त्या गावात उन्हाने माणसं विसरभोळी होतात असं ऐकते. कुणी तुझी चाल पाहिली, बदलली, स्वतःची केली, तर ते आपल्या धंद्यात चालतं. जशीच्या तशी उचलली तर ती चोरी. आणि आपण होऊन कुणाला ती हळू करून दाखवली तर ती देऊन टाकली. मग मागे मागता येत नाही. तेव्हा 'इस्त्री' भरधाव करायची. पियानोवाल्यासमोर नाही, दिग्दर्शकासमोर नाही, कुणासमोर हळू करायची नाही.

थेरॉन बिग्जचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सिल्व्हेनसची चाल उचलून स्टेजवर गेला, तर पहिल्या रांगेतली अकरा माणसं उभी राहिली आणि "परत कर, परत कर" म्हणून त्यांनी पडदा पाडायला लावला. तो आता बफेलोत लिफ्ट चालवतो. वर-खाली, वर-खाली, आणि पाय जागच्या जागी.

आईला मी अजून काही कळवलेलं नाही. पक्कं झालं की तूच लिही.

झेनोबिया

---

लॉस एंजलिस, १६ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. सकाळी सातला जातो, अंधार पडायच्या आत मी राहतो त्या बाप्टिस्टबाईंच्या खाणावळीत परततो आणि भेंडीच्या रश्शाची वाटी पुढ्यात असतानाच डोळे मिटतात.

बातमी मोठी आहे. सिनेमाचा नायक ग्रँट व्हीलॉक आणि मी एकाच चौकटीत नाचणार! मी बूट पॉलिश करणारा, म्हणजे नवल नाही. तो खुर्चीत बसतो, मी ब्रश मारता मारता ताल धरतो, तो उठतो आणि दोघं शेजारी शेजारी. त्याच नाचात त्याला नायिका पहिल्यांदा बघते. तेवढा भाग कापला तर पुढची गोष्टच कळणार नाही. कळतंय का तुला? कातरी ठेवायला जागाच नाही!

व्हीलॉक माणूस वाईट नाही. स्वतः कॉफी आणून देतो. पाय मात्र जड आहेत.

आईला मी लिहिलंय. तिने आत्तापासून टोपी धुवायला काढली असणार.

लॉनी

---

हार्लेम, २४ फेब्रुवारी

लॉन्या,

पत्र दोनदा वाचलं. कॉफी आहे, भेंडी आहे, टोपी आहे. 'इस्त्री' नाही. मी तुला एक अट घातली होती, तिच्यावर होय नाही, काही नाही. लहानपणी साखर खाऊन आलास की तू असाच हवापाण्याच्या गप्पा मारायचास.

काल ड्रमवाला क्लॅरेन्स तुमच्या गावाहून परत आला. म्हणाला, "झिनी, तुझ्या भावाच्या स्टुडिओत मागच्या अंगणात एक उंच गोरा माणूस एकटाच पाय घासत होता. घासतो, थांबतो, टाच टेकवतो, चुकतो, शिव्या घालतो, पुन्हा घासतो." तो मला हसवायला सांगत होता. मी उठून सरळ घरी आले.

तू हळू दाखवलीस का? होय की नाही, एवढंच लिही.

होय असेल तर नीट ऐक. सिनेमा इथे लागेल तेव्हा मी तळघरातल्या सगळ्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसेन. आणि काठी टेकून पहिली मी उभी राहीन. सख्खा भाऊ आहेस म्हणून बसून राहणार नाही.

झेनोबिया

---

लॉस एंजलिस, ६ मार्च

ताई,

होय.

सोळा दिवस दाखवली. भिंतीला धरून, एकेक ठोका सुटा करून, लहान पोराला चालायला शिकवतात तशी. त्याला येत नव्हती, मी पुन्हा दाखवत होतो आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी तुटत होतं. ते तुला कसं लिहू हे मला सुचेना, म्हणून कॉफीचं लिहिलं.

पण आता कारण ऐक. दिग्दर्शकाला 'इस्त्री' दाखवली, भरधावच दाखवली, तेव्हा तो उडालाच. म्हणाला, "ही व्हीलॉकला हवी." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग तू एकटा नाच, नेहमीसारखा." नेहमीसारखा म्हणजे सुटा, म्हणजे कापायला सोपा. मी विचारलं, त्याला शिकवली तर आम्ही दोघं एका चौकटीत का? तो म्हणाला, "हो, शब्द देतो."

एका बाजूला तुझी चाल होती आणि दुसऱ्या बाजूला मेकनच्या गॅलरीत बसलेली आई. तू इथे असतीस तर तुलाच विचारलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही. खरं काय ते हे आहे.

उभं राहायचं तर राहा. पण आधी मला पडद्यावर बघ.

लॉनी

---

हार्लेम, २ एप्रिल

अलॉन्झो पेटिफोर्ड यांस,

पत्र मिळालं. दुसऱ्याची वस्तू देऊन टाकणाऱ्याला कारणं भरपूर असतात.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. यापुढे मला लिहायची तसदी घेऊ नये.

झेड. पेटिफोर्ड

---

लॉस एंजलिस, ३० मे

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो, कारण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

नाच दोनदा चित्रित झाला. पहिल्यांदा आम्ही दोघं. मग जेवणाची सुट्टी झाली. परत आलो तर माझी पेटी, माझे ब्रश, सगळं जागेवर, फक्त दिग्दर्शक म्हणाला, "अलॉन्झो, तू जरा बाजूला बस. एकदा त्याचं एकट्याचं घेऊन ठेवू, असावं म्हणून." मी खांबाला टेकून बसलो आणि व्हीलॉक एकटाच 'इस्त्री' करताना पाहिला. कुठला तुकडा वापरणार, कुणीच सांगत नाही. शब्द दिला होता त्याची आठवण केली, तर दिग्दर्शक घड्याळ बघायला लागला. कातरीला जागा ठेवली नाही म्हणून मी खूष होतो. त्यांनी ती आधीच चालवली.

यानंतर अजून एक गोष्ट झाली. ती सांगता येत नाही, त्यांनी कागदावर सही घेतलीय.

एकच मागणं आहे. सिनेमा बघायला जा. उभी राहा, ओरड, माझा हक्क नाही थांबवायचा. पण नाच पुरा होईपर्यंत बस. शेवटच्या उडीपर्यंत. एवढं ऐक.

लॉनी

---

हार्लेम, १२ सप्टेंबर

लॉनी,

काल रविवार होता. चर्चमधून थेट थिएटरात गेलो, दुपारच्या खेळाला. एकोणीस माणसं, पहिली रांग सगळी आमची. क्लॅरेन्स आला, सिल्व्हेनस त्याच्या मुलीचा हात धरून आला. मी मधल्या खुर्चीत बसले. तू शेवटपर्यंत बस म्हणाला होतास, मी बसणार नव्हते. तुला खोटं कशाला सांगू? तू दिसलास की उठायचं, हे ठरवूनच गेले होते.

पण तू दिसलाच नाहीस. बूट पॉलिशची खुर्ची आहे, पेटी आहे, ब्रश आहेत, माणूस नाही. व्हीलॉक स्वतःच आपले बूट पुसतो आणि उठतो. दक्षिणेत तर सोडच, इथे हार्लेममध्येसुद्धा तुला काढून टाकलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्हीलॉकने पाय सरकवला, थांबवला, टाच टेकवली, आणि मी काठी रोवून उठले. तोंड उघडलं तेवढ्यात सिल्व्हेनसने माझा दंड धरला. "बस गं पोरी. बघू नकोस. कान दे."

मी डोळे मिटले.

लॉन्या, तुझी डावी टाच ठोक्याच्या केसभर मागून पडते. अकरा वर्षं त्यावरून मी तुला शिव्या दिल्या, ती काही तू सुधारली नाहीस. ती टाच मी मेल्यावरही ओळखेन. पडद्यावर तो माणूस पाय हलवत होता आणि वाजत होतास तू. पहिल्यापासून शेवटपर्यंत तू. मग क्लॅरेन्स पुटपुटला, "अरे, हा तर लॉनी." आणि ते नाव रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

आणि शेवटची उडी! व्हीलॉक पेटीवरून उडी मारतो, दोन्ही पाय हवेत, खाली जमीन नाही, काही नाही, आणि खणखणीत एक ठोका वाजतो. टक्! सिल्व्हेनस इतका हसला की त्याच्या मुलीला त्याची पाठ चोळावी लागली. मागच्या रांगांना कळेना काय झालं. मग आमच्या रांगेने मागे वळून त्यांना सांगितलं, आणि सगळं थिएटर "पेटिफोर्ड, पेटिफोर्ड" करायला लागलं. मी उभीच होते. पण जे ओरडायला आले होते ते ओरडले नाही. मीही तेच ओरडले.

बाहेर आपल्या हार्लेमच्या साप्ताहिकाचा तो चष्मेवाला बातमीदार रिव्हर्स उभा होता. "झिनीबाई, आत काय चाललंय?" मी सांगितलं. चाल माझी, आवाज भावाचा, तोंड गोऱ्याचं, सगळं सांगितलं. शनिवारी छापून येईल म्हणाला, आला की अंक पाठवते. माझा राग पुरा गेला असं समजू नकोस. तू विचारायला हवं होतंस. पण अभिमानाने मला चालता येईना, आणि गुडघ्याचा यात काही दोष नव्हता.

ताई

---

लॉस एंजलिस, २७ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी बाप्टिस्टबाईंच्या स्वयंपाकघरात रडलो. त्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

ते आवाजाचं खरं आहे. व्हीलॉकचे ठोके चिखलात पडल्यासारखे यायचे. म्हणून मला एका गाद्या लावलेल्या खोलीत नेलं, पायाखाली फळी दिली, समोर त्याचा नाच लावला आणि म्हणाले, "त्याच्या पायाबरोबर वाजव." आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून सही घेतली. सहाव्या खेपेला आवाज धरणारा माणूस सँडविच खात होता, मान खाली. तेव्हा मी तो एक ठोका टाकला. मुद्दाम. इथल्या कुणाच्या लक्षात येणार नाही आणि तुमच्या पहिल्या रांगेच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही, एवढं मला माहीत होतं.

आता जे झालंय ते ऐक. साप्ताहिक इथे पोचलं. काल स्टुडिओच्या साहेबांनी वरच्या मजल्यावर बोलावलं. टेबलावर तुझी मुलाखत होती, तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेली. साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू काही बोलला नाहीस, तुझी बहीण बोलली. तेव्हा मार्ग आहे." मार्ग म्हणजे एक पत्र, टाइप केलेलं, मला फक्त सही करायची. नाचातले ठोके व्हीलॉक यांचेच आहेत, चाल मीच त्यांच्यासाठी बसवली आणि माझी बहीण आजारपणामुळे भलतंसलतं बोलते. ते पत्र त्याच साप्ताहिकात छापून यायचं.

सही केली तर पुढच्या वर्षी हॉटेलच्या दारवानाची भूमिका. हसू नकोस. त्याला चौदा वाक्यं आहेत, खुनाचा पुरावा त्याच्याच हातात सापडतो. मी संहिता वाचली, त्याला काढलं तर सिनेमाच उरत नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर नाव. मेकनमध्ये दिसेल, ताई, आईला दिसेल. सही केली नाही तर या गावातला एकही स्टुडिओ मला दारात उभं करणार नाही, हे त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं.

जिन्यात व्हीलॉक भेटला. स्वतःच्या बुटांकडे बघत निघून गेला.

शुक्रवार, सात तारखेपर्यंत मुदत आहे. मागच्या वेळी विचारलं नाही. या वेळी विचारतो. काय करू?

लॉनी

---

हार्लेम, ३ ऑक्टोबर

लॉनी,

तार करणार होते, पण तारवाला वाचतो आणि तू कागदावर सही केलेली आहेस.

सही कर.

दोन दिवस मी या खोलीत येरझारा घातल्या, शेजारची बाई भिंत ठोकायला लागली. तोंड मी उघडलं. रिव्हर्सने विचारलं आणि मला वाटलं आता सगळ्या जगाला कळू दे. तुझ्या कागदाचा, तुझ्या पोटाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तू न विचारता माझी चाल दिलीस, मी न विचारता तुझं गुपित दिलं. आता कुणी कुणाला बोलायचं?

मला आजारी म्हणा, वेडी म्हणा, खोटारडी म्हणा. गुडघा गेलेल्या नाचणारीला लोक याहून वाईट बोललेत. तळघरात सिल्व्हेनस आहे, क्लॅरेन्स आहे, त्यांनी कानाने ऐकलंय, त्यांना कुठलं साप्ताहिक काय पटवणार? आणि पटलंच कुणाला तरी चालेल. मी पहिल्या रांगेत बसायचं सोडून देईन. आईला एकदा तुला बघू दे. चौदा वाक्यं नीट पाठ कर.

मनापासून लिहितेय. कुढत नाही.

ताई

---

मेकन, १३ ऑक्टोबर

ताई,

मी आईकडे आहे. काल पोचलो. तिने मला दारात पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "जेवलास का?" दुसरं बोलली, "नोकरी गेली ना?" तिला कुणी कळवलं नव्हतं. मी दोन्हीला हो म्हणालो, पहिलं खोटं होतं.

मी सही केली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला वर गेलो. साहेबांनी पेन पुढे केलं. मी पत्र पुन्हा वाचलं आणि त्या एका ओळीवर थांबलो, बहीण भलतंसलतं बोलते. मी म्हणालो, "ही ओळ काढा, बाकीवर करतो." ते म्हणाले, "या ओळीशिवाय बाकीला अर्थ नाही." मग मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "ठोके माझे, चाल तिची." एवढं बोलायला मला नऊ महिने लागले. फाटकावरच्या माणसाने माझा पास काढून घेतला. त्याला वाईट वाटत होतं, बिचाऱ्याला.

इथल्या चर्चच्या पाद्रींनी रविवारी दुपारी सभागृहात नाचू का म्हणून विचारलंय. स्टेज नाही, नुसती लाकडी जमीन. क्रचफील्डबाई येणार आहे, तिने स्वतः आईला सांगितलं. पुढच्या महिन्यात शिकागोत एका क्लबात काम मिळेल असं क्लॅरेन्सने तारेने कळवलंय. सिनेमाचं मात्र संपलं. रात्री कधी कधी ती चौदा वाक्यं आपोआप तोंडात येतात.

आता एक सांगायचं राहिलंय. न सांगता तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही.

मी स्टुडिओतून खाणावळीत परत आलो तर दुपारच्या टपालाने तुझं पत्र येऊन पडलं होतं. बाप्टिस्टबाईंनी मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं होतं. मी उभ्या उभ्याच वाचलं. टपालवाल्याने ते सकाळी आणून टाकलं असतं, तर ते खिशात घालूनच मी वर गेलो असतो. आणि ताई, तू म्हणालीस म्हणून मी सही केली असती.

लॉनी